नदीला न दिलेलं पाणी

३ जून

दहा मिलिलिटरच्या एका बाटलीमागे किलोभर केनांगाची फुलं जातात. ती खुडायला एका बाईच्या पहाटेतला तासभर, चार ढलप्या लाकूड, आणि भट्टीपाशी पेंगत बसलेला एक माणूस. झालं. बाटलीवर जे छापलेलं असतं, 'तुटलेल्या मनासाठी', त्याला शाईचा एक थेंब लागतो. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्या थेंबाचे.

हे मला कुणी शिकवलं नाही. सुराबायाच्या बसअड्ड्यावर मी कायापुतीचं तेल विकायचो तेव्हा लोकांना पोटदुखी व्हायची, सर्दी व्हायची, पाय मुरगळायचे. आता लोकांच्या पोटात दुखत नाही, त्यांचं मन तुटतं. तेल तेच. मी फक्त बाटली लहान केली आणि दर वाढवला.

आज दुपारी कालिसारीला पोचलो. केलुद डोंगराच्या उतारावरचं गाव, वर केनांगाची झाडं, खाली नदी. चार खोल्यांचं घर, मागे दगडी टाक्यांचं न्हाणीघर, आणि आवारात तांब्याची जुनी भट्टी. ती बघून मी जवळजवळ नाचलोच. असा जाड तांब्याचा हंडा आता कुणी घडवत नाही. आधीची मालकीण वेनिंगबाई गावातल्या रडक्या पोरींना इथे फुलांच्या पाण्याने आंघोळ घालायची, बदल्यात कोंबडी नाहीतर तांदूळ घ्यायची. धंद्याची अक्कल शून्य. ती गेल्यावर भाच्याने सगळं मला विकलं. आता इथे मलांगच्या, सुराबायाच्या, जकार्ताच्या बायका येतील आणि सहा दिवस राहतील. कोंबडी कोण घेतंय.

ही वही लारसने दिली. लारस माझी मुलगी. लोकांना 'मनातलं कागदावर उतरवा' म्हणून सांगता, एकदा स्वतः उतरवून बघा, असा टोमणा मारून दिली. लग्न अकरा दिवसांवर आलेलं, पत्रिका वाटून झालेल्या, आणि त्या गालिहने फोनवर सांगितलं की त्याचं मन तयार नाही. मन म्हणे. तेव्हापासून पोरगी सुराबायाच्या घरात दार लावून बसली आहे. तिची आई असती तर काही बोलली असती, पण सुमिनीला जाऊन अकरा वर्षं झाली. इथली घडी बसली की लारसला घेऊन येतो. माझ्या हाताखाली पोरगी आठवड्यात खडखडीत होईल. तीस वर्षं परक्यांना हसवून पोट भरलं, घरच्या माणसाला हसवायला कितीसा वेळ लागतो.

रात्री पेचेल-भात दोन ताटं खाल्ला. शेंगदाण्याची चटणी इथली जास्त तिखट. झकास.

६ जून

घराबरोबर एक म्हातारीही मिळाली. पाइनेम. सगळे तिला म्बोक पाइनेम, म्हणजे पाइनेममावशी, म्हणतात. चाळीस वर्षं न्हाणीघर तीच सांभाळते. पाठीतून वाकलेली, पण दोन घागरी उचलते आणि वर मलाच विचारते की बापाक, तुमच्या कमरेला काय झालंय.

तिचा एक नियम आहे. कुणी दुःख घेऊन टाकीत बसलं, की नंतर ते पाणी फुलांसकट खाली नदीत नेऊन ओतायचं, ओतणाऱ्याने नाक बांधायचं आणि मागे बघायचं नाही. दर आंघोळीला दोन टोपल्या फुलं. नदीत. मी तिला समजावलं, की आमच्या धंद्यात पाणी फेकत नाहीत. भट्टीतून तेलाबरोबर जे पाणी उतरतं त्यात तेलाचा अंश राहतो, म्हणून तेल गाळून ते पाणी परत हंड्यात घालतात. पुन्हा वाफ, पुन्हा तेल. साऱ्या जावा बेटावर हेच चालतं. मग टाकीतलं पाणी का नको? वाफ म्हणजे वाफ. जंतू मरतात, मळ खाली बसतो, वर चढतं ते फक्त अत्तर.

म्हातारी म्हणाली, वेनिंगबाईनेही कधी असं केलं नाही. मी म्हटलं, म्हणून तर ती कोंबड्या घेत होती. त्यावर ती हसली नाही. एरवी हसते.

९ जून

दोन पाहुणे आले. एक एन्दांग, मलांगच्या बँकेतली कर्जाची अधिकारी, पस्तिशीची. नवरा तिच्याच आतेबहिणीबरोबर गेला. दुसरा सुरातिन नावाचा मास्तर, भूगोलाचा. बायको कुणाबरोबरही गेली नाही, नुसतीच गेली. त्याचंच त्याला जास्त लागलं आहे.

माझी रीत सोपी. सहा बाटल्या समोर ठेवायच्या, एकेक हुंगायला द्यायची. ज्या वासाला डोळ्यांत पाणी येतं, ती बाटली त्याची. सहाही बाटल्यांत एकच तेल असतं, कुठे लवंगेचा थेंब जास्त, कुठे गवती चहाचा. एन्दांग तिसरीला रडली. मास्तर पहिलीलाच, झाकण उघडायच्या आत.

मग मालिश. भिंत बांबूची आहे आणि माझे कान चांगले आहेत. बसअड्ड्यावर चाळीस इंजिनांच्या गोंगाटातून कुणाचं पोट दुखतंय ते मला ऐकू यायचं. इथे तर शांतताच आहे. सगळे तेच बोलतात. मी त्याला काय कमी केलं. मी तिला कधी उलट बोललो नाही. कर्ज देताना हीच बाई लोकांची सात कागदपत्रं तपासते, आणि नवऱ्याचा एक कागद बघितला नाही तिने. शिकलेली माणसं अशी रडतात तेव्हा मला गंमत वाटते. बाजारात मासे विकणारी बाई असं रडत नाही, तिला दुपारपर्यंत मासे संपवायचे असतात.

दोघांचं पाणी आज हंड्यात गेलं. भट्टी मीच लावली. पाइनेम दारात उभी राहून बघत होती.

१२ जून

तीस वर्षं तेल उतरवतोय, असं तेल बघितलं नाही. जेवढ्या फुलांतून किलोभर उतरायला हवं तेवढ्यातूनच सव्वा किलो. वास असा की हुंगल्यावर माणूस काही क्षण बोलायचं विसरतो. चाफ्याच्या जातीचाच, पण त्याखाली दुसरंच काही, धुतलेल्या केसांसारखं.

एन्दांगला दिलं. तीन दिवस जेवण नको म्हणणारी बाई सकाळी पायरीवर बसून सालाकची फळं सोलत होती. मी सहज विचारलं, नवऱ्याची आठवण येते का. तिने भुवया उंचावल्या. कोणाचा नवरा, म्हणाली. काय अभिनय! मास्तरही हसतमुख. बायकोचा फोटो खिशातून काढून त्याने माशी मारायला वापरला.

दोघांनी फुकटचं कौतुक लिहून दिलं. सुराबायाच्या मित्रांना फोन करून सांगितलं की माझ्याकडून कुणी रडत परत जात नाही. आता नवीन माणसं येत आहेत, चारही खोल्या भरतील. सगळ्यांचं पाणी हंड्यातच जातं.

१४ जून

पाइनेमने न्हाणीघराची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि घरी गेली. म्हणाली, गरज पडली तर पुलाजवळ राहते, हाक मारा. तिचा हिशेब चुकता करायला गेलो तर पैसेही घेतले नाहीत. अशी माणसं मला आवडत नाहीत, त्यांना वाटतं आपण काही सिद्ध केलं.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती कुठे बसत नाही. आज उतरलेलं पाणी चाखलं. खारट होतं. वाफेबरोबर मीठ चढत नाही, ते हंड्यातच राहतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हंडा घासून पुन्हा भट्टी लावली. पुन्हा खारट.

१६ जून

लारस आली. मीच जाऊन आणली, गाडीत चार तास, चार शब्द. वाळली आहे. तरी फाटकातून आत येताना म्हणाली, "पाए, ही पाटी तुम्ही रंगवलीत? मन या शब्दाला एवढं मोठं अक्षर?" लहानपणापासून ती मला पाए म्हणते, माझ्या बापाला मी म्हणायचो तसं, खेड्यातलं. बाकी सगळ्यांना मी बापाक, कुठल्याही मोठ्या माणसाला म्हणतात तसा. तिच्या शाळेतल्या मैत्रिणी या पाएवरून हसायच्या, तरी तिने सोडलं नाही.

जेवणानंतर बाटली पुढे केली. तिने झाकणही उघडलं नाही. मी म्हटलं, बँकेतली बाई तीन दिवसांत बरी झाली. त्यावर ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो:

"पाए, मला बरं करू नका. मला अजून त्याचा राग यायचाय. तो आला की मी आपणहून उठेन."

मी म्हटलं, रागाची वाट बघत बसायला तो काय पाहुणा आहे. ती हसली, पण खोलीत जाऊन पडली. दाराबाहेरून ऐकत होतो. उशीत तोंड खुपसून रडण्याचा आवाज बांबूच्या भिंतीतून वेगळाच येतो. इतरांचा ऐकून मला झोप येते. हा ऐकून आली नाही.

१७ जून

ती अंघोळीला गेली तेव्हा तिच्या उशीच्या अभ्र्यावर चार थेंब टाकले. बाप आहे मी. औषध विचारून देतात का मुलांना?

१८ जून

जेवली. दोन ताटं. नदीवर फिरून आली, गुणगुणत. गालिहचं नाव मुद्दाम काढलं, तर म्हणाली, हे कोण, तुमचं नवं गिऱ्हाईक का? बघा म्हणावं. सुराबायाचे डॉक्टर महिनाभर गोळ्या देत होते.

मी आनंदात होतो. भट्टीपाशी जाऊन बसलो. दुपारचे बारा, लख्ख ऊन. नळीतून टिप टिप उतरत होतं. आणि त्या टिप टिपमध्ये कुणीतरी श्वास अडकवून रडत होतं. मी कान नळीला लावला. एन्दांगचं रडणं होतं ते. हुंदक्याच्या शेवटी ती नाक ओढते, तसंच ओढलेलं. एन्दांग सोमवारी मलांगला परत गेली आहे. त्याखाली मास्तराचं. त्याखाली अजून दोघा-तिघांचं.

वाफेचा आवाज. नळी जुनी आहे. डाक लावून घेतो.

१९ जून

मलांगहून फोन. एन्दांगची आई. विचारत होती, तुम्ही माझ्या मुलीला काय दिलंत. नवऱ्याला विसरली ते चांगलंच झालं, म्हणाली, पण काल रात्री तिने मला विचारलं की आजी, तुम्ही कोणत्या मजल्यावर राहता.

मी म्हटलं ताण असेल. फोन ठेवला.

लारसने माझं पाकीट उघडलं, सुट्टे पैसे हवे होते. आतला फोटो बघून विचारलं, ही बाई कोण. मी म्हटलं, थट्टा पुरे. ती थट्टा करत नव्हती. सुमिनी जाताना बारा वर्षांच्या या पोरीने तिचा हात चार तास सोडला नव्हता. मलाच बोटं सोडवावी लागली होती.

अभ्रा जाळला. खोली धुतली. खिडक्या उघड्या.

२० जून

तिची खोली बदलली. उपयोग नाही. वास घरभर आहे.

सकाळी माझ्यासाठी कॉफी आणली. हसून ठेवली. म्हणाली, "घ्या, बापाक."

मी म्हटलं, काय म्हणालीस. ती घाबरली. माफी मागितली, इथे मालकांना काय म्हणतात ते मला नीट माहीत नाही, म्हणाली.

२१ जून

ती गेली. सहा दिवस झाले म्हणाली, फार बरं वाटलं. बॅग भरलेली. मी रस्त्यात उभा राहिलो, हात धरला, नाव सांगितलं, शाळेचं नाव, तिच्या सायकलीचा रंग सांगितला. ती इतक्या सभ्यपणे ऐकत होती. वेड्या म्हाताऱ्याशी बोलतात तसं. बसमधल्या बायका बघत होत्या. मग हात सोडवून घेतला, हळूच, बोट बोट करून. आणि बसमध्ये चढली. टेबलावर खोलीचे पैसे ठेवून गेली आहे. दर पाटीवर लिहिलेला आहेच.

पैसे तिथेच आहेत. मी हात लावलेला नाही.

भट्टी बंद आहे. खाली आग नाही. टिप टिप चालू आहे. आणि तिचा आवाज त्यात आहे, स्पष्ट. पाए, म्हणतो. पाए.

२२ जून

पुलाजवळ गेलो. पाइनेम तांदूळ निवडत होती. मी पायरीवर बसून सगळं सांगितलं. ती मला चार शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने निवडता निवडता एवढंच म्हटलं:

"फुलाचं काम घ्यायचं, बापाक. ठेवून घ्यायचं काम नदीचं. तुम्ही फुलालाच दोन्ही कामं लावलीत."

मग समजावलं. पहिल्यांदा ते नुसतं दुखणं घेतं. नदीला दिलं नाही तर त्याची भूक वाढते. मग ज्याच्यामुळे दुखतं त्या माणसालाच घेतं. मग जे कोणी जवळचं असेल त्याला. नुसता वास गेला तरी. पण घेतलेलं अजून हंड्यात आहे, गेलेलं नाही. नदीत ओतलं तर पुढे ब्रांतास नदीतून सुराबायापर्यंत जाईल, समुद्राला मिळेल, आणि ज्याचं त्याला परत आठवेल. दुखण्यासकट आठवेल, ते मात्र चालवून घ्यावं लागेल.

मी विचारलं, तू ओतशील का, हवे तेवढे पैसे— तिने मान हलवली. ज्याने ते हंड्यात फिरवलं त्यानेच ओतायचं. ओलं फडकं नाकाला घट्ट बांधायचं. माघारी येऊन अंघोळ होईपर्यंत सोडायचं नाही. हंडा रिकामा झाल्यावर घेतलेलं कुठे साठत नाही, म्हणून परतही येत नाही. तुम्ही त्यात इतके दिवस वावरलात, तुमचं अजून काही घेतलेलं नाही, याचं मला नवल वाटतं, म्हणाली. मग माझ्याकडे बघून— बहुतेक तुमचं कधी दुखलं नसेल. आता दुखतंय. जपून.

२३ जून

उरलेल्या दोन पाहुण्यांना काल परत पाठवलं. सकाळी सातला सुरुवात. फडकं दोनदा बांधलं.

बाटल्या— सगळ्या फोडल्या, नदीत. मोठे कॅन, चार. पाण्याचे डबे अकरा. वर-खाली सतरा खेपा. मागे बघितलं नाही. प्रत्येक खेपेला पाठीमागून हाक येत होती. तिचीच. तरी नाही बघितलं.

हंडा पाइनेमने आणि मी बांबूवर टांगून नेला. ती बाजूने पदराने नाक दाबून. उपडा केला. पाणी काळं झालं, मग पांढरं, मग नेहमीसारखं. ती म्हणाली, संपलं, चला.

मग मी

हे बसूनच लिहितो, नदीकाठी, वही बरोबर होती म्हणून बरं. घाईत आहे.

नळी राहिली होती. वेटोळ्याची, आत दिसत नाही. रिकामी झाली की नाही कळायला— तीस वर्षं कुठलंही भांडं मी वास घेतल्याशिवाय रिकामं म्हटलं नाही. कुणीच म्हणत नाही आमच्यात. हात आपोआप गेला. फडकं खाली केलं. एकदाच, अर्धा श्वास—

थोडंसं होतं.

पाइनेमने नळी हिसकावून पाण्यात फेकली. तोवर—

लिहून ठेवतो. माझी मुलगी लारस. लारस. बारा वर्षांची असताना आई— आईचं नाव— फोटो पाकिटात आहे. मुलगी. तिची सायकल निळी होती की— ती मला म्हणते— ती मला वेगळंच काही म्हणते, बापाक नाही, दुसरं, खेड्यातलं, माझ्या बापाला मी— माझी मुलगी ला

२७ जून

हवा छान आहे. कोवळं ऊन. भट्टीचा हंडा कुणी धुवायला नेला होता तो परत बसवून घेतला, नळी मात्र हरवली आहे, नवी मागवली. टेबलावर एका खोलीचे सहा दिवसांचे पैसे सापडले, कुठल्या पाहुण्याचे कळेना. पेटीत टाकले. पाकिटात कुणा बाईचा फोटो होता, तो काढून टाकला.

म्हातारी पाइनेम परत कामावर आली आहे, पण माझ्याकडे बघितलं की तोंड फिरवून डोळे पुसते. या वयात हिचं कोण तुटलं, विचारायला हवं.

सकाळच्या सुराबायाच्या बसने एक मुलगी आली. सामान नाही, पायात दोन वेगवेगळ्या चपला. अशी रडताना मी अजून एकही बघितली नाही, आणि मी पुष्कळ बघितल्या आहेत. फाटकातच माझ्या पायाशी बसली, गुडघ्यावर डोकं टेकून, ईदच्या दिवशी आईबापांपुढे टेकतात तसं. मी म्हटलं, बाई, उठा, खोली रिकामी आहे, सहा दिवसांत हसत जाल. ती मला पाए म्हणते. मी तिचा बाप आहे म्हणते. तुटलेल्या मनाची माणसं कुणालाही काहीही म्हणतात, एका मास्तराने मला आई म्हटलं होतं. कोण तो हरामखोर, कशासाठी एवढं रडायचं, असं विचारलं तर म्हणाली, त्याचा राग आला, तो कधीच संपला, आता मी तुमच्यासाठी रडतेय.

कॉफी दिली. घेईना. हात धरून ठेवला आहे, मला एकाच हाताने लिहावं लागतंय. शेवटी स्पष्ट सांगितलं, मला मूलबाळ नाही. तर म्हणाली, असं वहीत लिहून दाखवा. मी वही लिहितो हे हिला कुणी सांगितलं कोण जाणे. लिहितो. त्यात काय एवढं.

मला मूलबाळ